परवाना टेक्सासचा, गणपती एडिसनचा

ताई, आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड झालं आणि पाठोपाठ ह्यांनी पिस्तूल घेतलं. कोर्स करून टेक्सासचा कॅरी परवानाही, म्हणजे पिस्तूल जवळ घेऊन फिरण्याचा, काढला. यंदा गौरी-गणपतीला नणंदेकडे, न्यू जर्सीत एडिसनला, गाडीने जायचं ठरलंय. मुलं बरोबर, वाटेत दोन रात्री मुक्काम, म्हणून हे पिस्तूल गाडीत घ्यायचं म्हणताहेत. तिकडे चालतं का विचारलं, तर म्हणाले, ‘ड्रायव्हिंग लायसन्स चालतं ना सगळीकडे? तसंच हे. शिवाय सुप्रीम कोर्टानेच आता मोकळीक दिलीय.’ ह्यांच्या खिशाला कायम एक फोल्डिंगचा चाकूही अडकवलेला असतो, आणि एक दिवस न्यूयॉर्क बघायचा बेत आहे. नणंदेने मला विळी-खोवणी आणायला सांगितली आहे, आता मला तिचीही भीती वाटायला लागलीय! धाकटे दीर आमच्याकडेच राहतात, एच-वन-बीवर आहेत, ते मागे घर सांभाळतील. मला भांडण नको, पण धाकधूक आहे. ह्यांना काय सांगू?
– एक वाचक, फ्रिस्को, टेक्सास

तुमच्या यजमानांनी सगळं रीतसर केलंय. कोर्स, परीक्षा, बोटांचे ठसे, परवाना. पण या विषयात रीतसर वागणारा माणूसच जास्त अडकतो. लपवण्यासारखं काही नाही अशी त्याची खात्री असते, म्हणून तो बेसावध असतो. टेक्सासपुरती ही खात्री योग्यच आहे. पण आय-७८ महामार्गावरून डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडलात की तीच गाडी, तेच पिस्तूल, तोच माणूस, आणि न्यू जर्सीच्या कायद्याने तो ‘सेकंड डिग्री’ गुन्ह्याचा आरोपी होऊ शकतो. परवान्याशिवाय पिस्तूल बाळगण्याला तिथे पाच ते दहा वर्षांची शिक्षा आहे. वर ‘ग्रेव्ह्ज अ‍ॅक्ट’ नावाचा कायदा म्हणतो की त्यातले किमान ४२ महिने पॅरोलशिवाय काढायचे. टेक्सासचा परवाना न्यू जर्सीत परवाना म्हणून धरला जात नाही. टेक्सासचाच काय, दुसऱ्या कोणत्याच राज्याचा धरला जात नाही.

ड्रायव्हिंग लायसन्सची चूक सगळेच करतात. ते राज्यं एकमेकांचं मानतात, त्यामुळे आपल्याला सवय झालेली असते. पिस्तुलाच्या बाबतीत कोणाचा परवाना मानायचा हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. देशभर एकमेकांचे परवाने मानायला लावणारं विधेयक २०१७ च्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहात मंजूर झालं होतं. सिनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही.

आणि सुप्रीम कोर्टाची मोकळीक? यजमान २०२२ च्या ‘ब्रूएन’ निकालाबद्दल बोलत असणार. शस्त्राबाबतची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची, पण घरात पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे असं कोर्टाने स्पष्ट म्हटलं ते २००८ मध्ये, वॉशिंग्टन शहराच्या खटल्यात. तो हक्क राज्यांनाही बंधनकारक आहे हे ठरलं २०१० मध्ये, शिकागोच्या खटल्यात. ब्रूएनने आणखी एक पाऊल टाकलं. न्यूयॉर्कमध्ये शंभरहून जास्त वर्षांपासून अशी पद्धत होती की बाहेर पिस्तूल न्यायचं तर तुम्हाला इतरांपेक्षा वेगळी, खास गरज आहे हे अधिकाऱ्याला पटवावं लागे. कोर्ट म्हणालं, असं खास कारण मागता येणार नाही. पण परवानाच मागू नका, असं कोर्ट म्हणालं नाही. ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, प्रशिक्षण, हे सगळं राज्यं मागू शकतात आणि मागतात. निकालानंतर सव्वादोन महिन्यांत न्यूयॉर्कचा नवा कायदा लागू झाला. १६ तास वर्गात आणि दोन तास प्रत्यक्ष नेमबाजी, आणि परवाना हातात आल्यावरही टाइम्स स्क्वेअरमध्ये, सबवेत पिस्तूल न्यायचं नाही. न्यू जर्सीनेही त्याच डिसेंबरात आपला कायदा नव्याने बांधला. थोडक्यात, त्या निकालाने न्यू जर्सीत राहणाऱ्या तुमच्या नणंदेच्या यजमानांना परवाना मिळणं सोपं झालं. टेक्सासहून येणाऱ्या पाहुण्याच्या हातात त्याने काहीच दिलं नाही. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला न्यू जर्सीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, पण पाच दिवसांच्या गणपतीसाठी ही यातायात कोण करणार!

भांडण नको म्हणता, तर भांडू नका. एका संध्याकाळी जेवण झालं की त्यांच्या शेजारी बसा आणि नकाशा उघडा. फ्रिस्कोहून एडिसनला जायचा नेहमीचा रस्ता टेक्सारकानावरून अर्कान्सॉत शिरतो, मेम्फिसला टेनेसीत, तिथून नॅशव्हिल, नॉक्सव्हिल करत आय-८१ ने व्हर्जिनियाभर वर सरकतो. मग वेस्ट व्हर्जिनियाचं टोक, मेरीलँडची अरुंद पट्टी, पेनसिल्व्हेनिया, आणि शेवटी न्यू जर्सी. टेक्सास धरून आठ राज्यं.

यातली पहिली काही राज्यं यजमानांच्या बाजूने आहेत. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. टेनेसीनेही त्याच वर्षी तसं केलं, वेस्ट व्हर्जिनियाने २०१६ मध्ये. २०२४ मध्ये साउथ कॅरोलायना आणि लुइझियाना आल्यावर अशा राज्यांची संख्या २९ झाली. व्हर्मॉन्टने तर असा परवाना कधीच मागितला नाही. म्हणून फ्रिस्कोतले मित्र सांगत असतील की आता परवान्याची गरजच उरली नाही. तरी यजमानांनी परवाना काढला हे शहाणपणाचंच झालं. एक तर इतर राज्यं बघतात तो परवानाच. दुसरं म्हणजे शाळेभोवतीच्या हजार फुटांत शस्त्र नेण्यावर संघराज्याचा कायदा आहे, आणि त्यातून सूट मिळते ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याचा परवाना असलेल्याला. नुसत्या ‘परवाना लागत नाही’ला ही सूट नाही. या कारणासाठी रस्त्याने जाणाऱ्याला सहसा कोणी पकडत नाही, पण दुसऱ्या कशावरून पकडलं की हेही कलम जोडलं जातं.

व्हर्जिनियाची एक गोष्ट यजमानांना जरूर सांगा. २०१५ च्या डिसेंबरात तिथल्या अ‍ॅटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, जाहीर केलं की २५ राज्यांचे परवाने यापुढे मानले जाणार नाहीत. महिनाभरात राज्यपाल आणि विधिमंडळात तडजोड झाली आणि तो निर्णय फिरवला गेला. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरणारा रंगीत नकाशा कोणत्या महिन्याचा आहे हे कोणीच विचारत नाही. बघायचंच असेल तर निघण्याच्या आठवड्यात त्या त्या राज्याच्या पोलिसांचं किंवा अ‍ॅटर्नी जनरलचं संकेतस्थळ बघायचं. पेनसिल्व्हेनिया निवडक राज्यांचेच परवाने मानतं आणि त्याची यादी तिथेच असते.

मेरीलँड कोणाचाच परवाना मानत नाही. आय-८१ वर मेरीलँड आहे जेमतेम १२ मैल. इतकं थोडं की एखादं मूल ‘किती राहिलं’ विचारेपर्यंत संपतं. पण तेवढ्या पट्टीतही कायदा मेरीलँडचाच.

आता यजमान म्हणतील, ‘१९८६ चा कायदा आहे की, प्रवाशांना संरक्षण देणारा.’ आहे, आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. पिस्तूल रिकामं हवं. पिस्तूल आणि गोळ्या दोन्ही बसायच्या जागेतून हाताला येता कामा नयेत, म्हणजे डिकीत. एसयूव्हीसारख्या गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत, आणि ग्लव्ह कंपार्टमेंट किंवा दोन सीटमधला कप्पा ही ती पेटी होऊ शकत नाही. एवढं सगळं केलं तरी मुख्य अट उरतेच. जिथून निघालात तिथे आणि जिथे जाताय तिथे, दोन्हीकडे ते शस्त्र बाळगणं आणि जवळ घेऊन फिरणं तुम्हाला कायद्याने मोकळं असायला हवं. तुम्ही मेन राज्यात निघाला असता तर मधली न्यू जर्सी या कायद्याच्या आधाराने, न रेंगाळता, पार करता आली असती. तुमचा मुक्कामच न्यू जर्सीत आहे. म्हणजे हे संरक्षण तुमच्यासाठी नाहीच.

आणि गंमत बघा. वाटेत मुलांसाठी म्हणून पिस्तूल हवं, आणि कायद्यात बसायचं तर ते रिकामं, डिकीत, कुलपात. रात्री मोटेलच्या पार्किंगमध्ये ते कामाला येणार कसं? हा प्रश्न तुम्ही विचारा, उत्तर त्यांना देऊ दे.

पार करताना थांबावं लागलं तर काय होतं, याचं एक उदाहरण न्यायालयाच्या नोंदीत आहे. २००५ मध्ये यूटाचा एक गृहस्थ विमानाने पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनला निघाला होता. पिस्तूल नियमाप्रमाणे चेक-इन सामानात होतं. न्यूअर्कला पुढची जोडणी चुकली, सामान हातात आलं, आणि तो रात्री विमानतळाजवळच्या हॉटेलात राहिला. सकाळी पुढच्या विमानाच्या रांगेत त्याने नियमाप्रमाणे पिस्तूल जाहीर केलं आणि त्याला अटक झाली. काही दिवस तुरुंगात गेले. पुढे आरोप मागे घेतले गेले. त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला, तोही २०१० मध्ये अपिलात हरला, कारण रात्रभर हॉटेलात पिस्तूल हाताशी होतं. ‘विमानानेच जाऊ’ असा तोडगा निघालाच, तर ही गोष्ट आठवा. उतरायचं विमानतळ न्यूअर्कच आहे.

दुसरं उदाहरण तुम्हाला जास्त जवळचं वाटेल. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक आई, पेनसिल्व्हेनियाचा वैध परवाना असलेली, अटलांटिक सिटीच्या रस्त्यावर किरकोळ वाहतूक कारणासाठी अडवली गेली. तिने स्वतःहून पोलिसाला सांगितलं, माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा परवाना. तिच्या राज्यात हे चांगल्या नागरिकाचं वागणं ठरलं असतं. इथे तिच्यावर तोच गुन्हा, तीच किमान शिक्षा टांगली गेली. देशभर ओरड झाल्यावर शिक्षा टळली आणि २०१५ मध्ये राज्यपाल ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला पूर्ण माफी दिली.

ती नागरिक होती. तुमचे यजमान ग्रीन कार्डावर आहेत, आणि हे वाक्य त्यांना दोनदा वाचून दाखवा. बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरणं हे इमिग्रेशन कायद्यात हद्दपारीचं स्वतंत्र कारण आहे, मग ते कोणत्याही राज्यातलं असो आणि शिक्षा कितीही सौम्य असो. गुन्हा कबूल करून तुरुंग टाळला, तरी इमिग्रेशनच्या नजरेत ती बहुतेकदा दोषसिद्धीच. आणि राज्यपालांच्या माफीने हद्दपारीची काही कारणं पुसली जातात, शस्त्राचं त्यांत येत नाही. त्या आईची सुटका ज्या दाराने झाली, ते दार तुमच्या घरासाठी पूर्ण उघडं नाही.

पिस्तुलाबरोबर आणखी दोन बारीक गोष्टी गाडीत असतात, त्यांचाही हिशोब करा. टेक्सासात दुकानातून पिस्तूल घेतलं की बहुधा १५ किंवा १७ गोळ्यांचं मॅगझिन बरोबर येतं. न्यू जर्सीत मर्यादा १० ची, २०१८ पासून. आणि स्वसंरक्षणासाठी सगळे दुकानदार ज्या पोकळ टोकाच्या, ‘हॉलो पॉइंट’ गोळ्या सुचवतात, त्या बाळगण्यावर न्यू जर्सीत वेगळे निर्बंध आहेत. एका पिशवीत तीन आरोप.

तेव्हा माझं मत सरळ आहे. पिस्तूल फ्रिस्कोतच राहू दे. यजमानांची काळजी खोटी नाही, तिचं उत्तर मुक्काम निवडण्यात आहे. उजेड असताना पोहोचा, हायवेला लागून असलेल्या एकाकी मोटेलऐवजी नॉक्सव्हिल किंवा रोअनोकसारख्या गावातलं बरं हॉटेल घ्या. चार पैसे जास्त जातील, पण वकिलाच्या पहिल्या तासापेक्षा नक्कीच कमी.

चाकूकडे वळू. पिस्तुलापेक्षा चाकूचा कायदा मला जास्त चमत्कारिक वाटतो, कारण प्रत्येक राज्य वेगळ्याच गोष्टीला घाबरतं. टेक्सास लांबीला. २०१७ पासून तिथे प्रौढ माणसाला जवळपास कसलाही चाकू, अगदी तलवारसुद्धा, बाळगता येते. फक्त साडेपाच इंचांहून लांब पातं असेल तर काही जागा वर्ज्य: शाळा, दारूवर चालणारे बार, इस्पितळं, आणि प्रार्थनास्थळंही. आता पिस्तुलाशी तुलना करा. टेक्सासच्या मंदिरात परवानाधारकाला पिस्तूल नेता येतं, व्यवस्थापनाने दाराशी ठरावीक मजकुराची पाटी लावून मनाई केलेली नसेल तर. पण सहा इंची पात्याचा सुरा त्याच मंदिरात नेला तर पाटी नसली तरी गुन्हा. ज्यांच्या मंडळाची शिवजयंती एखाद्या शाळेच्या सभागृहात होते आणि पोरं दांडपट्टा-तलवारी घेऊन मंचावर येतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. सभागृह रविवारसाठी भाड्याने घेतलं तरी जागा शाळेचीच. लाकडी तलवारी आणा आणि आधी शाळेला लिहून कळवा.

कॅलिफोर्निया लपवण्याला घाबरतं. न मिटणारा सुरा कमरेला उघड्यावर, म्यानात, चालतो. शर्टाखाली झाकला की गंभीर गुन्हा. मिटलेला घडीचा चाकू मात्र खिशात चालतो. न्यूयॉर्क शहराचं बरोबर उलटं. तिथे चार इंच किंवा त्याहून लांब पातं नको, आणि जे आहे ते दिसता कामा नये. तुमच्या यजमानांच्या चाकूची क्लिप खिशाबाहेर डोकावते ना, ती कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत कोणी बघणारही नाही, मॅनहॅटनमध्ये पोलिसाला थांबवायला तेवढं निमित्त पुरतं. मनगटाला झटका देऊन उघडणारे साधे कामाचे चाकू ‘ग्रॅव्हिटी नाइफ’ ठरवून या शहरात हजारो लोकांना, त्यात कितीतरी सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन, वर्षानुवर्षं पकडलं गेलं. ते कलम २०१९ च्या मे महिन्यात रद्द झालं. दिसण्याची आणि चार इंचांची अट शिल्लक आहे. स्वातंत्र्यदेवीच्या बोटीवर चढताना विमानतळासारखी तपासणी होते, तिथे चाकू घेऊन जायचाच नाही.

बटण दाबलं की उघडणारा, आपल्याकडच्या रामपुरीच्या जातीचा चाकू ही वेगळी कथा. मॅसॅच्युसेट्समध्ये त्यावरची बंदी २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ब्रूएनचाच आधार घेऊन, उठवली. न्यू जर्सीत असा चाकू सबळ, समजावून सांगता येईल अशा कारणाशिवाय जवळ असणं हाच गुन्हा आहे. यजमानांचा चाकू यातला आहे का, ते आधी बघून घ्या. आणि राज्याबरोबर शहरंही आपापले नियम करतात. टेक्सासने २०१५ मध्ये शहरांचे हे अधिकार काढून घेतले म्हणून तुम्हाला त्याची सवय नाही. वाट वाकडी करून फिलाडेल्फियाला गेलात, तर तिथे रस्त्यावर कापण्याचं हत्यार जवळ ठेवायला मुळात मनाईच आहे, त्या वेळी ते कामासाठी प्रत्यक्ष वापरत असाल तरच सूट. आणि १९८६ चा तो प्रवाशांचा कायदा फक्त बंदुकांसाठी आहे. चाकूला तो लागू नाही.

साध्या घडीच्या चाकूबद्दल न्यू जर्सी लांबी सांगत नाही. ती विचारते, या परिस्थितीत ही वस्तू तुमच्याजवळ का आहे? तिच्या कायदेशीर उपयोगाला शोभेल अशी ही वेळ आणि जागा आहे का? ‘लागतो कधीतरी’ हे कमकुवत उत्तर. ‘स्वसंरक्षणासाठी’ हे त्याहून वाईट. टेक्सासात जे अभिमानाने सांगतात, तेच इथे स्वतःविरुद्धचा पुरावा होतं. घरात गोष्ट वेगळी. आपल्या घरात स्वसंरक्षणासाठी कोयत्यासारखं हत्यार हाती घेण्याचा हक्क न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केला आहे. रस्त्यावर आणि गाडीत तो नाही. चाकू टूलबॉक्समध्ये टाकून डिकीत ठेवा, किंवा खरं तर फ्रिस्कोलाच ठेवा.

तुमच्या विळीला हाच नियम मदत करतो. जाड कापडात गुंडाळलेली विळी, शेजारी मोदकपात्र, नारळ, पातेली, सगळं डिकीत, आणि निघालात गौरी-गणपतीला. याहून शोभणारी परिस्थिती कोणती? ती सीटखाली मात्र ठेवू नका. पोलिसाने विचारलं तर ‘इट इज फॉर कोकोनट’ एवढं पुरे. विळीचा इतिहास सांगत बसू नका. विमानाने गेलात तर चेक-इन बॅगेत, पात्याला नीट वेष्टण घालून.

आता पत्रातली ती ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे: दीर एच-वन-बीवर आहेत, ते घर सांभाळतील. मी तुम्हाला पिस्तूल घरी ठेवायला सांगते आहे, आणि घरी तेच एकटे असणार आहेत. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा नुसत्या गोळ्याही ताब्यात ठेवणं हा संघराज्याचा गुन्हा आहे. टेक्सास कितीही मोकळं असलं तरी हा कायदा तिथेही लागू आहे. कमाल शिक्षा २०२२ पासून १५ वर्षं. ताबा म्हणजे कमरेला लावणंच असं नाही. शस्त्र कुठे आहे हे माहीत आहे आणि हवं तेव्हा ते हाती घेता येतं, तर तोही ताबा ठरू शकतो. म्हणून पिस्तूल आणि गोळ्या दोन्ही तिजोरीत, आणि तिजोरीचा आकडा किंवा किल्ली दिरांकडे नाही. ‘काही झालं तर असू दे’ म्हणून त्यांना आकडा सांगणं ही माया नव्हे. अशा व्यक्तीला जाणूनबुजून शस्त्र देणाऱ्यावरही वेगळा गुन्हा होतो. आकडा आत्ताच त्यांना माहीत असेल, तर निघण्यापूर्वी बदला.

दिरांना शनिवारी कधी शूटिंग रेंजवर नेलं असेल, तर तेही थांबवा. रेंजवरची भाड्याची बंदूक दहा मिनिटं हातात धरणं हाही ताबाच. रेंजवाले सहसा व्हिसा विचारत नाहीत, म्हणून ते चालतं असा आपल्या लोकांचा समज झाला आहे. कायद्यात एक वाट आहे: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. तो असला तर तात्पुरत्या व्हिसावरचा माणूसही या बंदीतून सुटतो. टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. पण दिरांचं ग्रीन कार्ड रांगेत असेल, तर हौसेपोटी या वाटेला जाण्याआधी त्यांनी आपल्या इमिग्रेशन वकिलाला विचारावं. आणि त्याच बैठकीत आधी कधी रेंजवर गेले असतील तर तेही सांगावं, वकिलाला. मंडळातल्या कोणाला नव्हे, आणि फेसबुकवरचे ते फोटो उतरवायचे की नाही, हेही त्यालाच विचारून.